रेघेवरची पावलं

मी मूळचा पाटण तालुक्यातला, कोयनेकडचा, आमच्याकडं जमीन हलणं म्हणजे काही नवल नाही, फडताळातली भांडी वाजली की आई आम्हाला काखोटीला मारून अंगणात पळायची. नोकरी लागली ती थेट लखनौला, मानक नगरात, रेल्वेच्या मापयंत्रांवर मेकॅनिक. सगळी उमर त्यातच गेली. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं मी साहेबालासुद्धा तोंडावर सांगायचो. फार तोरा होता, काय सांगू तुम्हाला.

रिटायर झालो, लखनौतच चिनहटला घर बांधलं आणि भूकंप मोजायचं यंत्र घरीच करायला घेतलं. करणं अवघड नाही हो. फाटकासारखा आडवा टांगलेला लोखंडी गज, टोकाला शिशाचं वजन, त्याच्यापुढं चुंबक आणि तारेचं वेटोळं. जमीन हलली की वजन मागं राहतं आणि कॉम्प्युटरवर रेघ उडते. गजानं झोके खाऊ नयेत म्हणून त्याची एक पट्टी तेलाच्या वाटीत बुडवलेली. पण जुळवणं म्हणजे जीव खाणं. खालचा स्क्रू केसभर फिरवला की गज एका अंगाला पडतो. सहा महिने घातले मी त्यात. मग नेपाळकडचा एक धक्का रेघेत आला आणि मी गल्लीत पेढे वाटले, तिकडं कुणाचं घर पडलं असेल हे मनातसुद्धा आलं नाही, असा मी.

यंत्र ठेवलेलं मागच्या खोलीत, आणि आमच्या हिचा, वत्सलाचा, स्वयंपाकघरातून अंगणात जायचा रस्ता त्याच खोलीतून. ती चालली की रेघ बिघडायची. रोज ओरडायचो, हळू चाल, किती वेळा सांगू. बिचारी उंबऱ्यापाशी चपला काढायची, पाय दाबत जायची. तरी तिची पावलं उमटायचीच.

गेल्या थंडीत ती पावलं वाकडी यायला लागली, एक मोठं, एक बारीक, मग ओढल्यासारखं. मी काय केलं असेल? तेल बदललं. स्क्रू फिरवला. गजाची तार नवी घातली. आठ दिवस हेच. ती म्हणाली, अहो, डावा पाय बधिर वाटतोय, तर मान वर न करता म्हणलं, तरीच पाय आपटत चालतेस.

नवव्या दिवशी अंगणात पडली. डावं अंग गेलं. डॉक्टर म्हणाला, अंकल, पहले से कुछ तो दिखा होगा? दिखा था ना भैया, तारीख-टाइमसकट छापून ठेवलं होतं. पण हे त्याला कुठल्या तोंडानं सांगू? यंत्रानं सांगितलं, तिनंही सांगितलं, आणि दोघांनाही खोटं पाडलं मी.

मुलगा म्हणाला, पापा, कबाड़ी को दे दो इसे. दिलं. खोली रिकामी आहे आता. वत्सला काठी धरून थोडं चालते, पण त्या उंबऱ्याशी आली की थांबते, धडधाकट पायानं चप्पल काढायची धडपड करते आणि जड जिभेनं मला विचारते, जाऊ का? स्वतःच्या घरात, अहो. मी म्हणतो, जा गं बाई, आपट पाय, काही नाही तिथं. तरी विचारतेच, रोज.

असो. सुखी राहा तुम्ही. तुमच्या घरात बाईमाणूस खुशाल दणादणा चालू दे.