लिंबाच्या फुलावरची माशी

पासपोर्टच्या फोटोसाठी पन्नालालशेठ जळगावच्या स्टुडिओत बाकावर बसले होते. शेजारी दोघी बहिणी नुकतेच धुऊन आलेले फोटो बघत होत्या.

“अक्का, तुझ्या पंडितनं बठ्ठा रोल, सगळाच्या सगळा, मधमाश्यांवर घालवला की गं.”

“त्याला नादच आहे तो. लिंबाला बहार आला की रोज सकाळी कॅमेरा घेऊन मळ्यात.”

“पण ही माशी किती जवळून काढलीय. फुलातली पिवळी पूड तिच्या पायाला चिकटलेली दिसते. वाऱ्यानं फूल हललं कसं नाही?”

“कुणीतरी फांदी धरलीय. हा बघ, कडेला अंगठा.”

“अर्धाच आलाय. फोटोत कापला गेला वाटतं.”

“फोटोत नाही गं. कडब्याच्या यंत्रात गेला तो. मीच पट्टी बांधली होती.”

“म्हणजे दाजी? पण बाप-लेक तर दोन वर्षं बोलत नाहीत ना?”

“एक जेवून उठला की मग दुसऱ्याला वाढते मी.”

पन्नालालशेठना आत बोलावलं. ते बसूनच राहिले.

“मग घरी गेल्यावर विचार की दोघांना.”

“विचारलं तर दोघंही नाही म्हणतील. आज काही न बोलता दोन ताटं शेजारी-शेजारी मांडते.”