टोबीची गाठ

नाही, पण मी म्हणतो, एवढा मोठा आवाज लागतो कशाला हो टीव्हीला? आत बसलेल्या माणसाला ऐकू यायला, की समुद्रातल्या माशांना? तुम्हाला सांगतो, आठ दिवस, रोज दिवेलागणीला, तोच भाग, तोच आवाज! आत माझी थोरली बहीण सेलूताई चटईवर ऐसपैस, तिच्या शेजारी माझी नात मेलेनाइते, आणि मी? मी बाहेर! नीरफणसाखाली, पालथ्या घातलेल्या होडीवर.

बाहेर का, तर आमच्या बेटावर बहीण टीव्ही बघायला बसली की भावानं उठायचं. मग भाऊ चौऱ्याहत्तरचा असो की सोळाचा. बहिणीचा मान मोठा, तिच्यासमोर अंगाबिंगाचा विषय निघता कामा नये, आणि टीव्हीचा काय भरवसा, तो कधी काय दाखवेल! म्हणून होडीवर आम्ही दोघं, मी आणि मेलेनाइतेचा धाकटा भाऊ फेलेती. त्यांचे आईबाप ऑकलंडला कामाला. मालिकाही त्यांनीच पेनड्राइव्हवर भरून पाठवलेली. मालिका गमतीची. टोबी नावाचा पोरगा, सोळा वर्षांचा, धडधाकट, पण रोज त्याला नवा आजार! शिंकला की न्यूमोनिया, पायाला मुंग्या आल्या की लकवा, पाठीवर तीळ दिसला की संपलंच, लागला आईचा निरोप घ्यायला! असं म्हणतात हं. मला काय दिसणार? मी बाहेर! ताई खो-खो हसली की समजायचं टोबी वाचला, आणि 'अरे देवा' म्हणाली की निघाला परत डॉक्टरकडे.

तर पाचवा भाग... थांबा, सांगतो, माझं बोलणं जरा सावकाशीचं. पाचव्या भागात टोबी अंघोळ करत होता आणि त्याच्या हाताला गाठ लागली. कुठं? इथं कुणाच्या बहिणी नाहीत ना बसल्या? बघून घ्या एकदा... तिथं हो. पुरुषाला जिथं चेंडू लागला की तो मटकन बसतो, तिथं. आत ताईनं खोकायला सुरुवात केली, आणि बाहेर नारळ खवणाऱ्या फेलेतीच्या हातातून वाटी गळाली, आतपर्यंत ऐकू जाईल अशी.

'काय रे?'

'काही नाही.'

काही नाही कसं? पंधरा दिवस पोरगं रग्बी खेळायला गेलं नव्हतं. रविवारचं, जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं डुकराचं मांस ताटात टाकून उठत होतं! आमच्याकडे असं उठणारा माणूस एक तर प्रेमात पडलेला असतो, नाहीतर मरायला टेकलेला. मी आपला प्रेम धरून बसलो होतो.

'आजोबा... टोबीला जे झालंय ना, ते मलापण आहे. वाटाण्याएवढं.'

मंडळी, आधी विचार करायला हवा होता. पण तोंड? तोंड बोलून गेलं, 'मग मेलेनाइतेला दाखव की!' पोरगं झाडावर चढायचंच बाकी राहिलं! माझंच चुकलं. आमच्या बेटावर दवाखाना एक, नर्स एक, आणि ती एक म्हणजे त्याची सख्खी बहीण!

'मेलो तरी चालेल, आजोबा, पण तिला कळता कामा नये! शप्पथ घ्या!'

घेतली. काय करणार? पण मेलो म्हणजे काय हो? सोळाव्या वर्षी?

डॉक्टर महिन्यातून एकदा बोटीनं येतात. पण त्यांना दाखवायचं तर नाव कुणाकडे द्यायचं? मेलेनाइतेकडेच! मग मीच गेलो. 'माझं नाव लिही, बाई.' तर म्हणते, 'काय होतंय, आजोबा?' आता मला खोटं बोलायचा सराव नाही, 'गुडघा' म्हणालो आणि हात ठेवला कोपरावर! तिनं मान वर केली नाही. 'गुडघा,' म्हणाली आणि लिहायला लागली. लिहितेय, लिहितेय... मला अक्षर ओळखता येत नाही, मला वाटलं, असेल गुडघा हा मोठा शब्द.

आणि त्या संध्याकाळपासून तो आवाज! पाचवा भाग. दुसऱ्या दिवशी? पाचवा भाग. ताई वैतागली, 'अगं, हा मुलगा कालच अंघोळ करत होता ना? मळलाय तरी किती मेला!' मेलेनाइते म्हणते, 'मला नीट कळला नाही, आजी,' आणि आवाज अजून वर. मालिकेतला डॉक्टर भिंत फोडून बाहेर यायचा, 'टोबी, बहुतेक वेळा हे काहीच नसतं! असलं तरी लवकर दाखवलं की बरं होतं! लाजू नकोस!' पहिल्या दिवशी फेलेतीनं कान झाकले. चौथ्या दिवशी कान उघडे. सातव्या दिवशी डॉक्टरच्या आधी तोच पुटपुटायला लागला, 'लाजू नकोस, लाजू नकोस...' आणि मी शहाणा, शेजारी बसून नुसता आवाजावर चिडतोय!

आली बोट. सोबत म्हणून फेलेतीला घेतलं, गेलो. बघतो तर मेलेनाइते नाहीच! डॉक्टरच्या दिवशी चार वर्षांत कधी दवाखाना न सोडणारी पोरगी, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला बाळांची वजनं करायला गेलेली. मी गुडघा पुढे केला. डॉक्टरांनी बघितलाही नाही. कागद वाचला, मोठ्यानं, 'तक्रार, गुडघा. यांच्या सोबत जो येईल, त्याला आधी तपासावं. दार लावून घ्यावं.' आणि माझ्याकडे वळून म्हणतात, 'आजोबा, तुम्ही बाहेर.'

परत मी बाहेर!

तुम्हाला सांगतो, तीन वादळं बघितली मी, घराचं छप्पर उडताना बघितलं, पण त्या दहा मिनिटांइतका कधी घाबरलो नाही. आतून आवाज नाही. हसायला ताईसुद्धा नाही, मग पोरगं वाचलं की नाही, कळायचं कसं? आणि मग... फेलेतीच हसला! मोठ्यांदा, फिदीफिदी! डॉक्टर दारात आले, 'बॅटरी लावून बघितली, आजोबा. पाणी आहे नुसतं. राजधानीत मशिनवर एकदा खात्री करून घ्या, पण घोर लावून घेऊ नका.' खात्रीही झाली हो, मागच्याच बोटीनं आलाय पोरगा. काही नाही!

बहिणीशी तो अवाक्षर बोलला नाही. सकाळी पकडलेल्यातला सगळ्यात मोठा मासा तिच्या चुलीपाशी ठेवला आणि पळाला. तिनं रांधला, खाल्ला. झालं की बोलणं.

पण फेलेतीच्या पोटात राहतंय काही? रग्बीच्या पोरांना सांगितलं, पोरांनी बापांना. परवा कावा, आमचं ते मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला बसलो, तर डावीकडचा सरकला, 'पुढच्या बोटीला दाखवायला जाताय ना? मी येतो सोबत.' उजवीकडचा म्हणतो, 'मीपण.' अकरा जण झाले हो! निघताना पाद्रीबुवांनी कोपऱ्यात घेतलं, 'या वयात एकट्यानं जाऊ नये, मी येईन सोबत... प्रार्थनेला.' बारा! आणि एका खेपेला सोबत एकच चालतो. तेव्हा मंडळी, आता पुढचं वर्षभर दर महिन्याला आजारी पडणं मला भाग आहे.