कठडा कुठाय?

...नाही, मला एक सांगा, पहिली पानं दोन असतात का? चार असतात? पहिलं पान एकच असतं हो! पण आमच्या कॉलेजात हे कुणाला पटेल तर शपथ! थांबा, उठू नका, सगळं सांगते. सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

तर मी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला. आमच्याकडे शेवटच्या वर्षाची मुलं मिळून एक अंक काढतात, खराखुरा, छापून, कॉलेजभर वाटायचा. यंदा पहिल्या पानाची संपादक कोण? अस्मादिक! तुम्ही म्हणाल, मजा आहे बुवा! कसली डोंबलाची मजा! माझी धाकटी बहीण, यंदाच याच कॉलेजात आलेली, मागच्या जिन्यावरून पडली. का पडली? कारण त्या जिन्याला कठडाच नाही! होता, गंजला, कापून नेला, नवा येणार होता, अजून येतोच आहे! एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला थेट खालचा मजला. धाकटीचा पाय प्लास्टरमध्ये, आणि तिचा वर्ग कुठे? त्याच जिन्यानं वर! ती कुबड्या टेकत चढते आणि मी खाली हात पसरून उभी... पडली तर झेलायला. मी! जिला फेकलेली किल्ली झेलता येत नाही! त्यात आईचा फोन, "अगं, पत्रकार होणारेस ना तू? मग छाप की त्या मेल्या कठड्याचं! का नुसती मिरवायला चाललीस?"

छापते म्हटलं. छापतेच! माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही नव्हतंच हो.

आमचे सर म्हणजे वर्तमानपत्रात केस पांढरे केलेला माणूस. त्यांनी काय करावं? सगळ्या वर्गाला पेपरच्या स्टॉलसमोर नेलं, म्हणजे समोर म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, भर उन्हात! "वाचा." काय वाचा? मधून ट्रक जातायत! "जे इथून वाचता येतंय, तेवढंच पहिलं पान. बाकी नुसती शाई. पानावर ओरडायचं एकानंच, बाकीच्यांनी गप्प बसायचं. आणि जागा सोडायला शिका रे! बातमीला श्वास घेऊ द्या!" अहो, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! एवढं सोपं? मग शिकवायला दोन वर्षं का लावली?

मी पान लावलं. जिन्याचा फोटो, खालून काढलेला, मोठ्ठा, बघतानाच हात आपोआप कठडा शोधायला लागावा असा. वर दोनच शब्द, 'कठडा कुठाय?' बाजूला धाकटीची बातमी, आणि बाकी सगळं मोकळं, पांढरं, शांत! छपाईआधीची एक प्रत काढली. सरांनी ती मला धरायला लावली, स्वतः व्हरांड्याच्या पार त्या टोकाला गेले, चष्मा काढला आणि तिथून वाचलं! म्हणाले, "छापा." मला रडूच आलं हो.

आणि मग आल्या आमच्या विभागप्रमुख मॅडम.

"ही जागा रिकामी का राहिली गं?"

"मॅडम, ती राहिली नाही, सोडलीय."

"सोडलीय? कागद काय झाडाला लागतो?"

झालं! त्या जागेत मॅडमचा शुभेच्छा संदेश. तो बसला नाही तोवर खो-खोचा कर्णधार हजर, "ताई, आमचा तिसरा नंबर आलाय, पहिल्या पानावर घे ना, आजी कात्रण ठेवणारे!" आता आजीला नाही कसं म्हणणार? घेतलं! मग नाटकवाले आले, गाणंवाले आले, ग्रंथपालकाका आले, पुस्तकं परत करा म्हणून निवेदन घेऊन! मी ओरडतेय, अहो, आत पानं पडलीयत ढीगभर, पहिलं पान एकच असतं हो! तर म्हणे, "म्हणूनच तर तिथे हवंय!" घ्या!

शेवटी प्राचार्य. नव्या फाटकाचं उद्घाटन करतानाचा फोटो. मोठा. "मधोमध लावा. कोपऱ्यात मी बरा दिसत नाही." माझा जिना कुठे गेला? आक्रसत आक्रसत तिकिटाएवढा झाला, आणि मथळा... बारीक, बिचारा, औषधाच्या बाटलीवरच्या अक्षरांसारखा. धावत सरांकडे गेले. सर पडले तासांपुरते येणारे, कायमच्या नोकरीतले नव्हेत, त्यांचं कोण ऐकतंय! त्यांनी पान हातभर लांब धरलं.

"तुझा कठडा कुठाय?"

मी बोट ठेवलं. "हा काय, सर."

"मग आता प्रत्येक अंकाबरोबर हे बोटही पाठव."

आणि तेच छापलं हो! तेच!

पण खरी गंमत पुढे. आम्ही सगळं पान बघितलं ते पडद्यावर, सपाट. पेपरला घडी पडते, हे आमच्या हुशार डोक्यात आलंच नाही! छापखान्यातून गठ्ठे आले, मधून आडवी घडी घातलेले, आणि घडी कुठे? बरोब्बर प्राचार्यांच्या नाकावर! वरून बघावं तर कपाळ आणि दोन डोळे, कुंपणावरून कुणी डोकावतंय असे! प्राचार्य लालबुंद. "उभी घडी घाला!" घातली. एक डोळा पुढे, एक डोळा मागे! शेवटी फर्मान सुटलं, "घडीच नको. सुरळी करा! फोटो बाहेरून!" सगळ्या वर्गानं बसून सुरळ्या केल्या आणि दोरे बांधले. शेजारी पाय पसरून धाकटीसुद्धा गाठी मारतेय, "ताई, माझी बातमी आत गेली का गं?" म्हटलं, "गेली गं, अगदी आत!" सुरळ्या वाटल्या खऱ्या, पण एकही कुणी सोडली नाही. माशा मारायला मात्र उत्तम!

मग माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गेलं खड्ड्यात! ती पहिली प्रत काढली, सरांनी लांबून वाचलेली, आणि जिन्याच्या भिंतीवर डकवली. अहो, पोरं थांबायला लागली! अंगणाच्या पलीकडून वाचायला लागली! दोघीतिघी पुढे होऊन धाकटीला धरून वर घेऊन गेल्या. दुपारी खुद्द प्राचार्य येऊन उभे राहिले, बघत राहिले, बराच वेळ. मी आईला फोन केला, "आई, कठडा आलाच समज!"

सकाळी बघते तर माझं पान गायब, आणि भिंतीवर नवीकोरी पाटी! 'येथे कागद चिकटवू नये.' एकच ओळ. ही एवढाली काळी अक्षरं, चहूबाजूंनी मोकळी पांढरी जागा, ना फोटो, ना शुभेच्छा, ना कुणाची आजी! रस्त्यापलीकडूनसुद्धा वाचता येईल अशी! पहिलं पान एकच असतं, हे कळलं हो त्यांना... कळलं, पण कशासाठी!

सरांना मात्र इतकी आवडली ती पाटी, की आता नव्या वर्गाला आधी तीच दाखवायला नेतात. पोरं शहाणी आहेत, एका रांगेत, भिंतीला घट्ट धरून चढतात. दुसऱ्या बाजूला धरायला आहे काय?