कोट धुवायचा नाही

—नाही नाही, मॅडम, हात लावत नाही. हे बघा, दोन्ही हात मागे. पण तो ब्रश तुम्ही आधी खाली ठेवा. कोट आमचा आहे. म्हणजे होता — आता म्युझियमचा, मान्य. मी बाबली, बांद्याकडचा. वॉचमनला ओरडू नका हां, मीच त्याला थाप मारली, मॅडमनी बोलावलंय म्हणून. आणि ही पाटी कोणी लिहिली? मी सातवीतून पळालेला माणूस, अडखळत वाचली, पण वाचली — ‘संस्थानच्या पलटणीतील शूर शिपायाचा कोट, बाहीवर संगिनीचा वार.’ संगीन? अहो, तो वार आमच्या शेजारच्या बाळाच्या कुंपणाचा! काटेरी तारेचा! ह्याच शिमग्यातला. बाळाचा कुत्रा मागे लागला आणि दादाने कुंपणावरून उडी टाकली — माणूस पलीकडे, बाही अलीकडे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सुदेश. आमच्याकडे शिमग्यात सोंगं घेऊन घरोघर फिरतात ना, त्यात शिपायाचं सोंग दादाचं. दुसऱ्या कोणी घ्यायचंच नाही. कोळशाच्या मिशा, पुठ्ठ्याची टोपी, बंदूक म्हणून माडाच्या झावळीचा दांडा, आणि अंगात हा कोट. हायवेवर उभा राहून गोव्याकडच्या गाड्या अडवायचा — ‘डिकी उघड! काय हाडलंस रे गोव्यातसून?’ — काय आणलंस म्हणून — आणि लोक खरंच उघडायचे! एकदा खऱ्या हवालदाराने मस्करीत सॅल्यूट ठोकला, तर दादा त्यालाच म्हणतो, ‘पॉट आत घे आधी!’ हवालदाराने घेतलं की हो आत!

कोट पणजोबांचा. तुकाराम. शूर म्हणजे किती शूर — एकट्याने दरोडेखोरांची टोळी पळवली, असं आमच्या घरात अजून सांगतात, दर गणपतीला टोळी थोडी मोठी होते — काय? काय म्हणालात? बँडवाल्याचा? हे खांद्यावरचे झालरवाले पंख बँडवाल्यांच्या कोटाला असायचे? शिपायाच्या नाही? नक्की? — अरे देवा. म्हणजे पणजोबा पिपाणी फुंकत होते! टोळी पळाली ती पिपाणी ऐकून! आणि आम्ही इतकी वर्षं छाती पुढे काढून... दादाला हे कळायला हवं होतं हो. हसून हसून मेला असता—

नाही, बसत नाही. पाणी पण नको. बरा आहे मी.

आंब्यावरून पडला. मे महिन्यात. फांदी मोडली. त्यात काय, आमच्याकडे सगळेच पडतात, मी पण पडलोय — ‘तुझ्या टकलेत काय नाय, म्हणान तू वाचलंस,’ असं तोच म्हणाला होता मला. त्याच्या डोक्यात होतं ना. शहाणा. शहाण्याने वरच्या फांदीवर कशाला जायचं, वरचे आंबे काय सोन्याचे असतात? त्याच्या मयताला रडलो नाही मी, शिव्या घातल्या, लोकांनी मला धरून बाहेर नेलं. आणि तुमचे साहेब परवा फोनवर काय म्हणाले माहितीय? ‘कोट देणारा म्हणून पाटीवर भावाचं नाव येईल, त्याआधी कैलासवासी घालू का?’ म्हटलं, घाला, तो काय आता तक्रार करायला येतोय!

तर ते ब्रशचं. आमच्यात हा कोट धुवायचा नाही. शिमग्याआधी उन्हात घालायचा, शिमगा झाला की पेटीत. पाणी लागलं की सोंगातलं वारं जातं, असं म्हणतात. दादाने तर धुळवडीला अंगातून काढून तसाच म्युझियमसाठी तुमच्या साहेबांच्या हातात दिला, घामाने निथळत होता. तुम्ही मास्क कशाला लावलाय, ते मला कळतं, मॅडम. धूळ काढा, खुशाल काढा, बटणं पुसा, ती बाही शिवा नाहीतर संगीन म्हणून ठेवा — फक्त कॉलर सोडा. आणि काखेतला भाग.

कशाला काय? सुतक फिटलं की घर धुतात. आमच्या आईने सगळं धुतलं. चादरी, कांबळं, त्याच्या उशीचा अभ्रा — गरम पाण्यात, साबण घालून. त्याचे कपडे न्हयत, नदीत, सोडले. मी दांडीवर, कपाटात, गाडीच्या सीटला, हेल्मेटमध्ये — हेल्मेटमध्ये डोकं घालून बसलो होतो, तन्वी वहिनीने बघितलं. हेल्मेटला नुसता माझाच वास. घरात आता कुठेच नाही हो तो.

हुंगायला? मी? नको. नको नको, इकडे आणू नका. मी हुंगला आणि नसला तर? इतके महिने तुमच्या खोक्यात होता, डांबरगोळ्या असतील. तुम्ही हुंगा. करा ना एवढं. मास्क काढा. तिथे नाही, आतून, मानेजवळ — हां.

सांगू नका.

नाही, सांगा. काय येतो? घामाचा? आणि? खोबरेल तेलाचा? आणि बिडीचा पण? घाण वास येतो म्हणता? घाण येतो? — झाका! झाका तो, मॅडम, पटकन, कागद घाला वरून! उघडा कशाला ठेवलाय — आणि तो पंखा, तो वरचा पंखा बंद करा आधी!