तीस वर्षांची जाग

वडिलांचं तेरावं उरकून शिल्पा त्यांच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या परत द्यायला लातूरच्या दवाखान्यात आली होती. शेजारच्या बाकावर किल्लारीकडचे बसवंतअप्पा आणि त्यांची बायको गुरम्मा बसले होते. त्यांच्या ओळखीचा एक पेशंट अप्पांना विचारत होता.

“तीस वर्सं जागलेला माणूस तुम्ही. कोणती गोळी लागू पडली?”

“गोळी बंद हाय आता. डॉक्टर म्हणले, भूकंपाच्या रातीचं जे पोटात ठिवलंय, ते घरी बोला.”

“मग?”

“बोललो हिला. गणपती बुडवून आलो अन् ओट्यावरच आडवा झालो. पोरगी म्हणली, अप्पा, मी बी इथंच झोपते. मी म्हणलो, गार हाय, आत जा.”

“अरे देवा! लहान होती?”

“सात वर्सांची. पहाटं घर बसलं. मी भाईर, ती आत.”

“काकू, तुम्ही काय म्हणलात ह्यांना?”

“काय म्हणू? ती ह्यांचं ऐकून आत आलीच न्हाई. ओट्यावरच रेंगाळली. म्या आतून हाक मारली, तवा आली.”

“हे सांगितलं न्हाई कधी?”

“न्हाई. ह्यांनी तोंड उघडलं, तवा म्याबी उघडलं.”

“पण तुम्ही तरी झोपत होता की!”

“कशाची झोप, बाबा? ह्यांना बरं वाटावं म्हणून डोळे मिटून पडायचे.”

अप्पा हसले, आणि लगेच त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

“तू कुणासाठी आलीस, माय?” गुरम्मांनी विचारलं.

“वडिलांसाठी. पंधरा दिवसांपूर्वी गेले. त्यांनाही कित्येक वर्षं झोप नव्हती.”

“कशानं गं?”

शिल्पानं पर्समधलं गोळ्यांचं पाकीट घट्ट धरलं.

“मी कधी विचारलंच नाही.”