शारोनच्या नावाने केलेली प्रार्थना

शुक्रवार. दुपारचे चार. विमल लोंढे यांच्या ओसरीवर बायकांची प्रार्थनासभा भरली होती. सलोमीबाई भिंगारदिवे यांनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि त्या प्रार्थनेतल्या एका वाक्याने एका मुलीचं ठरलेलं लग्न अडलं.

घडलं ते एवढंच. आता मंडळी, मला सांगा – प्रार्थना करताना पाप घडतं का?

चोरी करताना घडतं, खोटं बोलताना घडतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण गुडघे टेकलेत, पदर डोक्यावर घेतलाय, ओठांवर प्रभूचं नाव आहे – तेव्हा? मागच्या बाकावरचे काका मान हलवताहेत. नाही म्हणताहेत की डुलकी लागलीय, ते प्रभूच जाणे!

आधीच सांगतो. नावं मी बदलली आहेत. गाव सांगणार नाही. आणि ही गोष्ट ज्या मुलीची आहे, तिची परवानगी घेऊन उभा आहे. कीर्तनकाराला परवानगी कशाला लागते, असं वाटत असेल तर ऐका.

सलोमीबाई म्हणजे वस्तीतलं मोठं माणूस. चर्चच्या पाळकसाहेबांनंतर कोणाचा शब्द चालत असेल तर त्यांचा. बालवाडीत शिकवायच्या, आता निवृत्त. पहाटे उठून बायबलचा शास्त्रपाठ, मग एकेक घर आठवून प्रार्थना. शुक्रवारी उपास. आजारी माणसाच्या उशाशी बसायला सगळ्यांत आधी त्या. दिखावा नव्हता हो! खरोखरची भक्ती होती. म्हणूनच तर ही गोष्ट सांगायची. ढोंग्याचं पाप सांगून काय मिळणार? आपण म्हणणार, तो तसलाच, आणि घरी जाऊन जेवणार!

तर विमलची मुलगी शारोन. दोन वर्षांपूर्वी तिला झटके यायचे. उभी असताना कोसळायची, हातपाय ताठ व्हायचे. विमल विधवा बाई, घाबरून गेली. तिने एकाच माणसाला सांगितलं. सलोमीबाईंना. म्हणाली, बाई, कुठे बोलू नका, फक्त प्रार्थना करा. आणि सलोमीबाईंनी केली. एकही पहाट चुकवली नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, झटके थांबले. डॉक्टर म्हणाले, गोळी चुकवू नका, लग्नाला काही हरकत नाही. पुढे प्रबोधचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, स्वभावाने शांत. सुपारी फुटली.

पाहुण्यांना आजाराचं सांगितलं का? नाही. शारोन म्हणत होती सांगू या. आई म्हणाली, लग्न होऊ दे, मग बघू. तुमच्या घरात असती तर तुम्ही काय केलं असतं? नका बोलू, मनातच उत्तर द्या.

त्या शुक्रवारी प्रबोधच्या कमलआत्या साड्यांचं ठरवायला आल्या होत्या. सभा विमलकडेच, म्हणून बसल्या. आता पाहुणी बसली की प्रार्थना जरा चढते, नाही का? आवाज भरून येतो, शब्द सुचत जातात. सलोमीबाईंनाही सुचत गेले. आभार मानता मानता त्या बोलून गेल्या, "प्रभो, आमच्या शारोनचे झटके तू थांबवलेस. लग्नानंतर सासरी ते पुन्हा उठू देऊ नकोस."

सगळ्यांचे डोळे मिटलेले. एक जोडी उघडली. कमलआत्यांची.

आमेन झालं. चहा आला. आत्यांनी कपाला हात लावला नाही. सलोमीबाईंना तेव्हाही कळलं नव्हतं! त्या विचारत होत्या, चहात साखर कमी पडली का? ओट्याशी उभी असलेली शारोन त्यांच्याकडे नुसती बघत होती. ती नजर पाहून त्यांना कळलं.

घरी जाताना त्या स्वतःला समजावत होत्या. मी चहाडी केली का? नाही. नाव कोणापुढे घेतलं? देवापुढे. मनात वाईट होतं का? मुळीच नाही. तीन मुद्दे, तिन्ही बरोबर! मंडळी, आपण स्वतःचे वकील असलो की खटला हरतच नाही.

पण शनिवारी पहाटे त्या गुडघ्यांवर बसल्या आणि एकेक घर आठवत लोंढ्यांच्या दारापाशी आल्या. पुढे शब्द येईना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या घराला वळसा घालून पुढे जाता येईना, आत शिरता येईना. मुद्दे तिन्ही तिथेच होते. एकही उपयोगाचा नव्हता.

पेटीवाले, सूर द्या जरा.

ओठांचिये दारी । बैस तू पहारी ।
शब्द तोही वारी । गोड जो का ॥

कडू शब्द आपण ओळखतो हो, तो घशातच टोचतो. गोड शब्दाला पहारेकरी लागतो.

ऊन वर आल्यावर त्या विमलकडे गेल्या. विमल तांदूळ निवडत होती. बसा म्हणाली नाही. सलोमीबाई उभ्यानेच म्हणाल्या, माझं चुकलं. माफ कर.

विमलने ताट बाजूला ठेवलं. ती माफीचं काहीच बोलली नाही. तिने उद्याचं सांगितलं. उद्या तिसरी पुकार होती. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे – लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, या लग्नाला कोणाला काही अडकाठी माहीत असेल तर बोला. दोन वेळा वाचून झालं होतं. उद्या प्रबोध आणि आत्या दोघं उपासनेला येणार होते, आणि आत्या उठून विचारणार असा निरोप आला होता.

"तुम्हालाच विचारतील," विमल म्हणाली. "सांगायचं, ती शारोन दुसरी. तुमच्या भावाच्या गावची. आमच्या शारोनचं लग्न आणि तिचा आजार, बोलताना एकात एक झालं, म्हणायचं. वय झालंय, म्हणायचं. एवढंच बोला, बाई. तुमचा शब्द कोणी मोडत नाही."

विमलने ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.

"पोरीचं घर तुम्ही मोडलंत. एका वाक्याने मोडलंत, एका वाक्याने सांधा."

आता सांगा मंडळी! अडली की नाही बाई? खोटं बोलावं तर शारोनचं लग्न वाचतंय. पुन्हा ते खोटं बोलायचं कुठे, तर प्रभूच्या घरात, सगळ्या मंडळीसमोर. खरं बोलावं तर शुक्रवारी चुकून उघडलेलं उद्या जाणूनबुजून उघडायचं. आणि विमलचं बोलणं वावगं होतं का? कायद्याने काय ते सोडा. आई म्हणून?

सलोमीबाई बाहेर पडल्या. फाटकाशी शारोन उभी होती. रडली असेल, पण आता डोळे कोरडे होते.

"मावशी, तुम्ही दोन वर्षं माझ्यासाठी प्रार्थना केलीत. मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण एकदा तरी मला विचारलंत का, तुला काय हवंय म्हणून?"

सलोमीबाई फाटकाशीच थांबल्या. मग त्यांनी विचारलं.

शारोन म्हणाली, "मला हवं होतं की त्याला मी सांगावं. आईने सांगू दिलं नाही. तुम्ही माझ्याआधी सांगितलंत."

आईने आणि सलोमीबाईंनी मिळून तिचं ते सांगणं काढून घेतलं होतं. एकीने झाकून, एकीने उघडून. आणि दोघींची माया खरी!

रविवार उजाडला. प्रभूचं देऊळ भरलं. वस्तीला बातमी लागली होती. पाळकसाहेब म्हणतील, उपस्थिती इतकी छान दर रविवारी का नसते! प्रबोध पुरुषांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर. आत्या समोर. विमल आणि शारोन खिडकीशी. सलोमीबाई नेहमीच्या जागी, पहिल्या बाकावर. गीत सुरू झालं, पण त्यांचं लक्ष लागेना. विमलची नजर पाठीत रुतत होती.

पाळकसाहेबांनी नावं वाचली. अडकाठीचं विचारलं.

कमलआत्या उठल्या. भांडखोर बाई नव्हती ती. भावाचा मुलगा त्यांनीच वाढवला होता. त्या एवढंच म्हणाल्या की अडकाठी आहे की नाही हे मला ठाऊक नाही, ते सलोमीबाईंना ठाऊक आहे. "बाई, तुम्ही देवाची माणसं. शुक्रवारी प्रार्थनेत म्हणालात ते खरं की नाही, सांगा."

सगळं देऊळ पहिल्या बाकाकडे वळलं. सलोमीबाई उठल्या. दुसरी शारोन जिभेवर तयार होती. भावाचं गावही होतं. एक वाक्य – आणि खाली बसायचं. पुकार पूर्ण झाली असती, विमलने हात धरले असते, आणि त्या परत मोठ्या झाल्या असत्या.

त्या म्हणाल्या, "ती गोष्ट माझी नव्हती. मी ती बोलले, तेही देवाचं नाव पुढे करून. पाहुणी बसली होती, प्रार्थना छान व्हावी असं मला वाटत होतं. हे माझं पाप आहे आणि मी ते मंडळीसमोर कबूल करते. यापुढे त्यातलं खरंही मी सांगणार नाही आणि खोटंही सांगणार नाही. मुलगी इथे बसली आहे. तिला विचारा."

आणि त्या बसल्या. पहिल्या बाकावर नाही. मागे जाऊन बसल्या.

तुम्ही म्हणाल, बुवा, यात झाकलं काय? कोणाला कळायचं राहिलं? बरोबर आहे. न बोलण्यातूनही बोललं गेलंच. तोंडातून गेलेलं वाक्य सलोमीबाईंना परत घेता आलं नाही, तुम्हा-आम्हालाही येत नाही. त्यांना एवढंच करता आलं, की त्याच्या बचावाला दुसरं वाक्य पाठवलं नाही. मोठेपण सोडलं आणि मुलीची जागा मुलीला दिली. विश्वासात वाढणं म्हणजे पहाटे लवकर उठणं नव्हे. उठावंच, पण ते वाढणं नव्हे. पहाटे जे मागतो ते दुपारी चारच्या सभेत जिभेला कळलं, तर ते वाढणं.

शारोन उठली. म्हणाली, मी सांगेन, पण प्रबोधला सांगेन, मंडळीला नाही. पाळकसाहेबांनी पुकार तिथेच थांबवली आणि बाजूच्या खोलीचं दार उघडून दिलं. प्रबोधने आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी मान हलवली नाही, होकाराची नाही, नकाराचीही नाही. तो उठला आणि आत गेला. उपासना संपली, लोक अंगणात रेंगाळले, दार लोटलेलंच होतं.

तेव्हापासून विमल सलोमीबाईंशी बोलत नाही. पुढच्या सभेला सलोमीबाईंनी प्रार्थना करायला नकार दिला. मंडळीतल्या दुसऱ्या एका बहिणीने केली. बरी केली, थोडक्यात केली!

आता तुमच्याकडे वळतो. चपला शोधू नका, बसा. तुमच्याही घरी सभा भरते. तिथे कोणी हळूच म्हणतं, अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा हं, तुम्हाला म्हणून सांगते. आणि तुम्ही विचारता – का गं, काय झालं? खरं सांगा, तो प्रश्न प्रार्थनेसाठी असतो? देवाला सगळं ठाऊक आहे. मग तपशील आपण कोणाला ऐकवत असतो? ज्याचं नाव घेणार, त्याच्या दारी आधी जाऊन विचारलंत का, की बाबा, तुझ्यासाठी काय मागू? जमेल? जमत नसेल तर आजची प्रार्थना तेवढ्याचीच करा.

मला कळतंय, तुमच्या मनात एकच आहे – लग्न झालं का? तर शेवटचं मला ठाऊक आहे ते सांगतो. या बुधवारी सकाळी प्रबोध मोटारसायकलवर एकटाच आला. शारोन मागे बसली आणि दोघं तालुक्याला तिच्या डॉक्टरांकडे गेले. संध्याकाळी त्याने तिला फाटकाशी सोडलं. आत आला नाही. पाळकसाहेबांकडे पुकारीबद्दल अजून कोणाचा निरोप नाही. रविवार परवावर आहे.