बोटाला कळलं पाहिजे

चिमी : गेला! पुन्हा गेला! दादा, कुणाच्या नावानं मारलास तो हिसका?

दादा : ओरडू नकोस. अख्ख्या तळ्याला कळलं, तू माझीच बहीण आहेस ते.

चिमी : कळू दे तळ्याला. सकाळपासून हा चौथा! मी मागं बसून वल्ही मारतेय, मला सगळं दिसतंय. दोरी पाण्यावर सैल लोळतेय आणि तू तसाच हिसका मारतोस. तुझा निम्मा जोर ढील गोळा करण्यातच संपतो. माशाला गुदगुल्यासुद्धा झाल्या नसतील.

दादा : गळच बोथट आहेत. दुकानदारानं टोपी घातली आपल्याला.

चिमी : आण इकडे. हे बघ, नखावर ओढला. चरा पडला का नाही? बोथट असता तर घसरला असता.

दादा : मग ते गळापुढचे राठ केस. ते मध्ये येतात.

चिमी : शेवाळात अडकू नये म्हणून असतात ते. कालच निम्मे कापलेत मी. पुढं बोल.

दादा : रिळाचा ब्रेक सैल असेल.

चिमी : मीच आवळलाय. ओढून बघ, तसूभर सुटत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

दादा : ए, तोंड सांभाळ! तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हा गळाला गाठ मारायला मी शिकवलं तुला.

चिमी : म्हणून तर संताप होतोय माझा! तूच सांगायचास ना, चिमे, जिगला लागलेला बास मासा दोरी ओढून नेत नाही. जिगचा शिशाचा गळ तळाशी उड्या मारत असतो, मासा येऊन तोंडात घेतो आणि पटला नाही की थुंकतो. आपल्याला कळते ती फक्त एक टिचकी. टिचकी कळली की रॉडचं टोक खाली, दोन वेढे गुंडाळून ढील काढायची, आणि मग कंबरेतून, दोन्ही हातांनी, वर. हे तुझंच की नाही?

दादा : माझंच.

चिमी : आणि आज काय करतोयस? दहा आकडे मोजून हिसका मारतोयस.

दादा : मोजून?

चिमी : हो, मोजून! ओठ हलतात तुझे. दहा झाले की हिसका. मासा असो नसो. मघाशी त्या बुडालेल्या झाडापाशी तुझी दोरी चांगली वीतभर बाजूला सरकली. मला इथून दिसलं. तू ढगांकडे बघत होतास.

दादा : डुलकी लागली असेल.

चिमी : डोळे सताड उघडे ठेवून?

दादा : फिरव नाव. मूड घालवलास माझा.

चिमी : फिरवते. आधी डोळे मीट.

दादा : हे काय आता?

चिमी : मीट म्हणते ना! दोरी नेहमीसारखी बोटावर घे. गळ माझ्या हातात आहे, दोरी ताणलेली आहे. मी टिचकी मारली की हां म्हण.

दादा : पोरखेळ नुसता. हां.

चिमी : मारली नव्हती.

दादा : मग मार ना. हां. ही मारलीस.

चिमी : नाही.

दादा : चिमे, टवाळी करायची तर घरी कर. मार एकदा नीट.

चिमी : दादा, मी पाच वेळा मारली. आत्ताही मारतेय.

(चिमी गळ खाली ठेवून त्याचा उजवा हात हातात घेते.)

चिमी : कधीपासून?

दादा : गारठलीत बोटं. पहाटेची थंडी होती.

चिमी : स्वेटर काढून तासभर झाला तुला. कधीपासून?

दादा : सहा-सात महिने. आधी दोनच बोटं बधिर होती. आता उजव्या हाताची चार. अंगठा ठणठणीत आहे.

चिमी : अंगठा ठणठणीत आहे! वा! आणि हा हात घेऊन तू सहा महिने आपल्या दुकानात कागद कापायच्या मशीनवर उभा राहतोस?

दादा : अठ्ठावीस वर्षं उभा आहे.

चिमी : अठ्ठावीस वर्षं त्याला कळत होतं! पात्याखाली आपलं बोट कुठं आहे ते कळत होतं! थांब. थांब जरा. परवाच्या उत्तरपत्रिका. वरच्या थप्पीवर लाल डाग. मी विचारलं तर म्हणालास, शाई सांडली. बाइंडिंगच्या दुकानात लाल शाई कुठून आली रे?

दादा : नखाची कड उडाली होती जराशी.

चिमी : आणि मी विचारेपर्यंत तुला पत्ताच नव्हता.

दादा : दुखलं असतं तर कळलं असतं ना!

चिमी : अरे, काय माणूस आहेस! त्या मशीनला दोन बटणं कशाला दिलीत? दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. एका बटणात तू पुठ्ठ्याची पाचर ठोकून ठेवलीस. का, तर थप्पी सरळ करायला एक हात मोकळा हवा. मोकळा हात कुठला? उजवा! किल्लीसुद्धा दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीस. मी शेजारी बसून पुठ्ठे चिकटवतेय आणि मला ठाऊकच नाही! परकी आहे मी?

दादा : तुला सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस.

चिमी : मग आत्ता काय गाणं म्हणतेय?

दादा : मग काय करायचं मी? बोल! कागद चिमटीत धरला की जाडी सांगायचो. गिऱ्हाईक आपल्याकडे येतं ते मी कापलेली कड बघून. उद्या तू सांगणार सगळ्यांना, दादा आता नुसती पुठ्ठ्यांना खळ लावतो. डॉक्टर सांगणार, बंद करा. मग राहिलं काय माझ्याकडे? झाकली मूठ सव्वा लाखाची.

चिमी : मूठ राहिली तर ना!

दादा : अशुभ बोलू नकोस.

चिमी : डॉक्टरकडे गेलायस?

दादा : नाही. भीती वाटते.

चिमी : मला वाटत नाही? एखाद्या दिवशी मी मान वर करीन आणि तुझं बोट कागदांत पडलेलं असेल, आणि तू पुढची थप्पी लावत असशील. मग मी काय करायचं, ते सांग मला!

दादा : रडू नकोस, चिमे.

चिमी : रडत नाहीये. राग आलाय मला. टाक.

दादा : काय?

चिमी : गळ टाक. त्याच झाडापाशी. मी इथं शेजारी बसते. दोरी माझ्या बोटावर राहील, रॉड तुझ्या हातात. मी ‘आता’ म्हटलं की काय करायचं?

दादा : टोक खाली. दोन वेढे. ढील काढायची.

चिमी : मग?

दादा : कंबरेतून. आणि तू बोट काढून घे. कापेल.

चिमी : माझं बोट कापलं तर मला कळतं. टाक.

दादा : टाकला. तळाला गेला बघ.

चिमी : मोजू नकोस. ओठ बंद. हळूच उचल. सोड. पुन्हा उचल. सोड... आता!

दादा : बसला! चिमे, बसला! वरच्या जबड्यात बसलाय, आता सुटत नाही गडी!

चिमी : टोक वर ठेव! गुंडाळ! जाळीत घेते मी. अगं बाई, केवढा आहे!

दादा : बघितलंस हिसका? अजून तेवढाच आहे की नाही जोर?

चिमी : जोर कधी गेला होता? गळ काढ आणि सोड त्याला. नको, राहू दे, मीच काढते. आणि हसू नकोस, मी अजून रागावलेलीच आहे. उद्या सकाळी डॉक्टर.

दादा : बरं.

चिमी : ती पाचर काढायची. कापायचं मी शिकणार. तू शेजारी उभा राहून मला शिव्या द्यायच्या.

दादा : ते जमेल.

चिमी : मशीनची किल्ली दे.

दादा : उद्या देतो.

चिमी : आत्ता.

दादा : उजव्या खिशात आहे.

चिमी : मग काढ ना.

दादा : तूच काढ. चार किल्ल्या आहेत त्यात. मला हाताला कळत नाही कुठली ती.